योसेफाचे मौन आणि बापाचे नाव

ज्याच्या तोंडचा एकही शब्द धर्मग्रंथात नोंदलेला नाही, अशा माणसाला कोट्यवधी लोकांनी शतकानुशतके पितृत्वाचा आदर्श मानावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. येशूचा पालक पिता योसेफ हा तो माणूस. चारही शुभवर्तमाने धुंडाळली तरी त्याचे एक वाक्य सापडत नाही. सापडतात ती केवळ त्याची कृत्ये. तरीही १८७० मध्ये नववे पायस पोप यांनी त्याला साऱ्या ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले आणि १९५५ मध्ये बाराव्या पायस यांनी १ मे हा कामगारदिन 'श्रमिक योसेफ' याचा सण म्हणून नेमून दिला. योगायोग असा, की आपल्या अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला तोही १९५५ सालीच. तेव्हा वऱ्हाडाच्या भूमीवर उभे राहून या मूक सुताराचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

योसेफाची कथा थोडक्यात अशी. वाग्दत्त वधू मरीया गर्भवती असल्याचे त्याला कळले. त्या काळचे नियमशास्त्र अशा स्त्रीच्या बाबतीत अत्यंत कठोर होते. तिची जाहीर बेअब्रू करण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. पण बोभाटा न करता वेगळे व्हावे, असे त्याने ठरविले. पुढे स्वप्नात देवदूताचा आदेश झाला आणि त्याने मरीयेचा स्वीकार केला. त्या आदेशातच आणखी एक गोष्ट होती : मुलाचे नाव त्याने ठेवावयाचे होते. यहुदी समाजात बाळाला नाव देणे म्हणजे त्याला आपला म्हणून पदरी घेणे होय. रक्ताचे नाते नसलेल्या मुलाला योसेफाने नाव दिले, आणि त्या क्षणी तो बाप झाला.

आज्ञाधारकपणा हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. वर्गात प्रश्न न विचारणारा विद्यार्थी, साहेबाच्या टिपणीखाली मुकाट सही करणारा कर्मचारी, यांना आपण आज्ञाधारक म्हणतो. योसेफाचे आज्ञापालन या जातीचे नव्हते. राजा हेरोद बालकाच्या जिवावर उठला आहे असे समजताच तो रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशाकडे निघाला. राजसत्तेला त्याने जुमानले नाही. त्याने आज्ञा मानली ती सदसद्विवेकाची आणि अंगावर येऊन पडलेल्या जबाबदारीची. मुकाट्याने सोसणे निराळे आणि मुकाट्याने करीत राहणे निराळे; पहिल्यात भय असते, दुसऱ्यात निष्ठा.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या कथेतील आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो. बाळाच्या जन्मानंतरचे अर्पण करताना कोकरू द्यावे, ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील, अशी नियमशास्त्राची सवलत होती. लूकच्या वृत्तांतात या कुटुंबाच्या संदर्भात उल्लेख येतो तो पक्ष्यांचा. म्हणजे हा बाप गरीब होता. पितृत्वाची किंमत मिळकतीवरून ठरत असती, तर योसेफ कोणाच्या खिजगणतीतही नसता. कापूस पिकला नाही, भाव मिळाला नाही, की बाप म्हणून आपण नापास झालो असे समजणाऱ्या आपल्या भागातील कष्टकऱ्यांनी, आणि त्यांना तसे समजावयास लावणाऱ्या समाजानेही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आता एक विसंगती पाहा. ज्या धर्मपरंपरेने दत्तक पित्याला इतके उंच स्थान दिले, त्याच परंपरेतील भारतीय ख्रिस्ती दांपत्यांना मूल दत्तक घेण्यासाठी दीर्घकाळ संसदेचा कायदाच नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती कुटुंबाला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचा आधार घेऊन केवळ 'पालक' होता येई, आणि हे पालकत्व मूल सज्ञान होताच संपे. बाल न्याय अधिनियम, २००० आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी सर्वधर्मीयांना दत्तकाची वाट खुली केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. कायद्याला योसेफापर्यंत पोहोचावयास इतका अवधी लागला!

कायदा पोहोचण्याची वाट न पाहता बाप झालेला एक माणूस मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर हे ख्रिस्ती परंपरेतले नव्हेत, ते गाडगेबाबांच्या वाटेवरचे. रेल्वेस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलामुलींना त्यांनी घर दिले आणि वडिलांच्या रकान्यात स्वतःचे नाव दिले. अनेक मुलींची लग्ने लावून दिली. या घरात वाढलेल्या एका कन्येने २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळविले. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली. अर्जावरील 'वडिलांचे नाव' हा रकाना कार्यालयात रोज शेकडो वेळा भरला जातो. तो कोरा राहिलेल्या मुलाला त्याची किंमत किती असते, हे वझ्झरला कळते.

याच शंकरबाबांची कित्येक वर्षांची मागणी आहे, की बेवारस दिव्यांग मुलांना अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृहाबाहेर काढू नये. त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा. आजची व्यवस्था बालगृहाची मर्यादा अठरा वर्षांवर आखते आणि त्यापुढची अनुरक्षण सेवा सर्वसाधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत नेऊन थांबविते. धडधाकट तरुणासाठी हे कदाचित पुरेसे असेल. परंतु जो मतिमंद आहे, ज्याला दिसत नाही, बोलता येत नाही, त्याने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारात उभे राहावे? यावर खर्चाचा प्रश्न उपस्थित केला जाईल. परंतु टाकून दिलेल्या माणसाची किंमतही समाज कोठेतरी मोजतच असतो. फक्त ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, तेव्हा मरीयेबरोबर योसेफानेही त्याचा शोध घेतला. मुलगा सापडला, तो आपल्याला न कळणारे काही बोलतो आहे हेही त्याने ऐकले, आणि त्याला घेऊन तो नासरेथला परतला. त्यानंतर योसेफ कथेतून जवळजवळ दिसेनासा होतो. पण पुढे गावकरी येशूला सुताराचा मुलगा म्हणून, सुतार म्हणून ओळखतात. म्हणजे बापाने नाव दिले आणि हाताला हुन्नरही दिला. मूल आपल्या पायावर उभे राहीपर्यंत सोबत करणे, एवढाच पितृत्वाचा अर्थ आहे. ज्या मुलांच्या बाबतीत तो दिवस अठराव्या वर्षी उगवत नाही, त्यांच्यासाठी शासनानेही गाजावाजा न करता बापाचे काम पुढे चालवावे. योसेफाच्या मौनाला दिलेला तोच खरा मान ठरेल.