मानवी मेंदूतील द्रवनिचरा : चुंबकीय प्रतिमांकनाने काय दिसले आणि काय सिद्ध झाले?

बीजसंज्ञा : मस्तिष्क-मेरुद्रव, लसीकावाहिन्या, एमआरआय, गॅडोलिनियम, निद्रा

प्रस्तावना :

मानवी शरीराच्या बहुतेक अवयवांत रक्तवाहिन्यांच्या जोडीला लसीकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींभोवती साचलेला जादा द्रव, प्रथिने व टाकाऊ पदार्थ या वाहिन्या गोळा करतात आणि लसीकाग्रंथींमार्फत पुन्हा रक्ताभिसरणात पोहोचवितात. मेंदू मात्र या नियमाला अपवाद आहे, असे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकविले गेले. वास्तविक शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. जेथे एवढी ऊर्जा खर्च होते तेथे टाकाऊ पदार्थही निर्माण होणारच. मग त्यांचा निचरा कोणत्या मार्गाने होतो? अल्झायमर विकारात बीटा-अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन मेंदूत साचत जाते, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ शरीररचनाशास्त्राचा राहत नाही. तो वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाशी व त्यांच्या कुटुंबीयांच्या आयुष्याशी निगडित आहे.

उद्दिष्टे :

१) मेंदूतील द्रवनिचऱ्याची संकल्पना थोडक्यात स्पष्ट करणे.
२) जिवंत माणसात हा निचरा पाहण्यासाठी एमआरआय तंत्राचा उपयोग कसा केला गेला, हे समजून घेणे.
३) या प्रतिमांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांच्या मर्यादा तपासणे.

द्रवनिचऱ्याची संकल्पना :

मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती मस्तिष्क-मेरुद्रव नावाचा स्वच्छ, पाण्यासारखा द्रव असतो. प्रौढ व्यक्तीत कोणत्याही वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. परंतु दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने तयार होतो. याचा अर्थ असा की, हा द्रव दररोज तीन ते चार वेळा बदलला जातो. जेवढा द्रव तयार होतो तेवढाच बाहेरही पडला पाहिजे; अन्यथा कवटीच्या बंदिस्त पोकळीत दाब वाढेल.

इटालियन शरीरशास्त्रज्ञ पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेंदूच्या आवरणांतील लसीकावाहिन्यांचा उल्लेख केला होता. पुढे तो दुर्लक्षित राहिला. २०१२ मध्ये जेफ्री इलिफ, मायकेन नेडरगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले की, मस्तिष्क-मेरुद्रव धमन्यांभोवतीच्या सूक्ष्म मोकळ्या जागांतून मेंदूत शिरतो, पेशींमधील द्रवात मिसळतो व टाकाऊ पदार्थांसह बाहेर पडतो. या कार्यात ग्लिया पेशींचा वाटा असल्यामुळे त्यांनी या व्यवस्थेस ‘ग्लिम्फॅटिक’ हे नाव दिले. २०१५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ आणि फिनलंडमधील हेलसिंकी येथील गटांनी स्वतंत्रपणे उंदरांच्या मस्तिष्कावरणांत लसीकावाहिन्या दाखवून दिल्या. उंदरांमध्ये हे शक्य झाले, कारण तेथे कवटीत छोटी खिडकी करून सूक्ष्मदर्शक लावता येतो किंवा प्राण्याचा बळी देऊन ऊतक तपासता येते. जिवंत माणसाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग बंद आहेत. येथेच प्रतिमांकनाची गरज निर्माण होते.

२०१७ चा प्रयोग :

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्टिना अ‍ॅबसिंटा, डॅनियल राइश व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी ५ निरोगी स्वयंसेवक व मार्मोसेट जातीची माकडे यांच्या मस्तिष्कावरणांचे एमआरआय प्रतिमांकन केले.

अडचण अशी होती की, मेंदूच्या सर्वांत बाहेरच्या जाड आवरणात रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या शेजारी शेजारी असतात. प्रतिमेत दिसणारी उजळ रेषा नेमकी कशाची, हे केवळ पाहून ठरविता येत नाही. यासाठी संशोधकांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधील एका फरकाचा उपयोग केला. मेंदूच्या आतील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात व रक्तातील बहुतेक पदार्थ त्यांतून बाहेर पडत नाहीत. बाहेरच्या आवरणातील रक्तवाहिन्यांना मात्र असा अडसर नसतो. गॅडोब्युट्रॉल हे गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून दिले असता त्याचे लहान रेणू या वाहिन्यांतून आवरणाच्या ऊतकात झिरपतात आणि लसीकावाहिन्या ते उचलून घेतात. याच वेळी रक्ताचा संकेत दाबून टाकणारी एमआरआय पद्धत वापरली की रक्तवाहिन्या काळ्या दिसतात व लसीकावाहिन्या उजळून उठतात.

एवढ्यावर न थांबता त्यांनी गॅडोफॉसव्हेसेट हे दुसरे औषधही वापरून पाहिले. हे औषध रक्तातील अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे ते बहुतांशी रक्तातच राहते. उजळ रेषा रक्तवाहिन्यांच्या असत्या, तर त्या याही औषधाने तितक्याच ठळक दिसल्या असत्या. तसे झाले नाही. शिवाय शवविच्छेदनातून मिळालेल्या मानवी आवरणांत लसीकावाहिन्यांच्या पेशींची खूण पटविणारी रंजनपद्धती वापरून त्यांचे अस्तित्व पडताळून पाहण्यात आले. चित्र, प्रतिचित्र आणि ऊतक अशा तीन पुराव्यांचा मेळ बसल्यामुळे हा निष्कर्ष भक्कम ठरतो.

ओस्लो येथील अभ्यास :

वरील प्रयोगाने मार्ग दिसला, प्रवाह नव्हे. नॉर्वेतील ओस्लो येथे गाइर रिंगस्टॅड व पेर क्रिस्टियान आइडे यांच्या गटाने गॅडोब्युट्रॉल कंबरेतून थेट मस्तिष्क-मेरुद्रवात सोडले आणि एक-दोन दिवसांच्या कालावधीत पुनःपुन्हा एमआरआय काढले. औषध मेंदूच्या पृष्ठभागावरील मोठ्या धमन्यांच्या कडेने आत शिरते व संपूर्ण मेंदूत पसरण्यास अनेक तास लागतात, असे त्यांना आढळले. ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस’ या विकाराच्या रुग्णांत औषध मेंदूतून बाहेर पडण्यास विलंब होत होता. चालताना अडखळणे, लघवीवर ताबा न राहणे व स्मृती मंदावणे ही या विकाराची लक्षणे अनेकदा ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. प्रत्यक्षात शंट नावाची नळी बसवून जादा द्रव वळविल्यास अनेक रुग्णांत सुधारणा होते. म्हणून या क्षेत्रातील प्रतिमांकनाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही.

निद्रा व निचरा :

२०१३ मध्ये उंदरांवरील अभ्यासात झोपेच्या काळात पेशींमधील मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते व निचरा वेगाने होतो, असे मांडण्यात आले. २०१९ मध्ये बोस्टन येथे लॉरा लुइस यांच्या गटाने झोपलेल्या माणसांच्या एमआरआयमध्ये मस्तिष्क-मेरुद्रवाच्या सुमारे २० सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या मोठ्या लाटा नोंदविल्या. ओस्लो गटाने २०२१ मध्ये एका रात्रीच्या जागरणानंतर मेंदूतून औषध बाहेर पडण्याची क्रिया मंदावते, असे दाखविले. परंतु २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने उंदरांवरील प्रयोगांतून नेमका उलट निष्कर्ष काढला. झोपेत व भूल दिल्यावर मेंदूतील निचरा कमी होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मर्यादा :

पहिली मर्यादा म्हणजे प्रतिमेत दिसते ते औषध असते, टाकाऊ प्रथिन नव्हे. बीटा-अ‍ॅमिलॉइडचा रेणू गॅडोब्युट्रॉलच्या कित्येक पट मोठा आहे. दोघांचा प्रवास सारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही. दुसरी, एमआरआयचा एक चित्रबिंदू साधारणपणे मिलिमीटरच्या मापाचा असतो, तर धमन्यांभोवतीच्या बहुतेक जागा त्याहून कितीतरी सूक्ष्म असतात. तिसरी, कंबरेतून औषध देणे ही सुईची प्रक्रिया असल्यामुळे ती मोठ्या संख्येने निरोगी व्यक्तींवर करता येत नाही. म्हणून अशा अभ्यासांतील व्यक्तींची संख्या लहान असते व त्यांत बहुधा अन्य कारणाने तपासणीस आलेले रुग्ण असतात. जपानमधील तोशिआकी ताओका यांनी २०१७ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत औषध लागत नाही. मात्र तीत मेंदूच्या एका मर्यादित भागातील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते आणि तिलाच संपूर्ण मेंदूच्या निचऱ्याचे माप मानावे काय, याविषयी मतभेद आहेत.

निष्कर्ष :

१) मानवी मस्तिष्कावरणांत लसीकावाहिन्या आहेत, हे प्रतिमा व ऊतक या दोन्हींच्या आधारे सिद्ध झाले आहे.
२) मस्तिष्क-मेरुद्रवातील पदार्थ मेंदूच्या आत शिरतो व हळूहळू बाहेर पडतो, हे जिवंत माणसात दिसले आहे. त्यामागील प्रेरक बल व त्याचा वेग यांबाबत एकमत नाही.
३) ‘झोपेत मेंदू धुऊन निघतो’ हे लोकप्रिय विधान आजच्या पुराव्यापेक्षा पुढे गेलेले आहे. पुरेशी झोप हितकारक आहे हे मान्य असले, तरी तिला स्मृतिभ्रंशावरील सिद्ध उपाय म्हणणे योग्य नाही.

वैद्यकीय प्रतिमा ही छायाचित्रासारखी भासते. परंतु ती अनेक गृहीतकांमधून तयार झालेली मोजणी असते. म्हणून प्रतिमेत काय दिसते याबरोबरच ते कोणत्या युक्तीने दिसले, हेही विचारले पाहिजे. २०१७ च्या प्रयोगातील दुसऱ्या औषधाचे महत्त्व यातच आहे. आपल्याला जे दिसले ते चुकीचे तर नाही ना, हे त्या संशोधकांनी इतरांच्या आधी स्वतःच तपासले.