विश्लेषण : चित्रकार, छपाईतज्ज्ञ, जादूगार... मग सिनेमा! दादासाहेब फाळकेंना इतकी कामे का शिकावी लागली?

मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकच्या पांडवलेणींच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ ही त्यांची ओळख सर्वांना पाठ आहे. मात्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते. त्याआधी ते काय करत होते?

चित्रपटाआधीचे फाळके कोण?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, वास्तुकला, मूर्तिकाम आणि फोटोग्राफी शिकले. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावले. नंतर त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्यात छापखाना काढला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले आणि रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली. जादूचे प्रयोगही केले, तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. फाळके उलटे वाचा, केळफा होते!

तेव्हा हे सारे धरसोडीचे वाटले असेल. चित्रपटात मात्र यातले एकही कौशल्य वाया गेले नाही.

ही तुलना लिओनार्दोशी का?

इटलीतील लिओनार्दो दा विंची (१४५२-१५१९) चित्रकार होता, तसाच यंत्रांचे आराखडे काढणारा तंत्रज्ञही. कला आणि तंत्र या दोन वेगळ्या खोल्या आहेत, असे त्याने मानले नाही. फाळकेंचेही तसेच. पटकथा, दिग्दर्शन, नेपथ्य, चित्रीकरणाचे तंत्र, फिल्म धुणे, संकलन या सगळ्यांत त्यांचा हात होता. देशात चित्रपट उद्योगच नव्हता, त्यामुळे काम सोपवायला तज्ज्ञ माणसे मिळणार कुठून?

वाटाण्याचे रोप काय सांगते?

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहून फाळके झपाटले. राम-कृष्णाच्या कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. चित्रपट पाहण्याच्या आणि जागरणाच्या अतिरेकाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनंतर ती परतली. मग विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र घेऊन आले.

पैसे गुंतवणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. महिनाभराहून अधिक काळ, ठरावीक अंतराने, एकेक फ्रेम टिपली. सगळ्या फ्रेम सलग फिरवल्यावर पडद्यावर पाहता पाहता अंकुर फुटून रोप वाढले. आज मोबाइलमध्ये ‘टाइम-लॅप्स’चे बटण दाबले की होते तेच हे, फक्त कॅमेरा हाताने चालवायचा.

छिद्रे का महत्त्वाची होती?

कॅमेऱ्यातील दातेरी चाक कडेच्या छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढते. छिद्रांचे अंतर चुकले की चित्र थरथरते. त्या काळी छिद्रे नसलेली फिल्म मिळत असे. प्रकाश लागला तर ती खराब होणार, म्हणून काम अंधारातच. ते सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. चित्रपटासाठी दागिनेही त्यांचेच गेले. त्या काळी बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली.

नाशिकमध्ये काय घडले?

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले. इथे बनलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले, भारतीय पडद्यावरच्या त्या पहिल्या अभिनेत्री. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती फाळकेंची मुलगी मंदाकिनी. कॅमेरा थांबवायचा, पात्र बाजूला करायचे आणि पुन्हा फिरवायचा, की देव अंतर्धान! अशा करामतींत प्रोफेसर केळफा कामी आले.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचा बाजार उठला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय शिल्लक आहे?

फार थोडे. लिओनार्दोची अनेक यंत्रे कागदावरच राहिली, पण त्याच्या वह्या टिकल्या. फाळकेंच्या बाबतीत उलटे झाले. त्यांची यंत्रे चालली, चित्रपट गाजले; बहुतेक फिल्म मात्र गेल्या. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते आणि नीट न ठेवल्यास कुजते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे फाळके गेल्यावर २० वर्षांनी. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे आणि तोही १९१७ च्या पुनर्निर्मितीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात.

१९६९ पासून चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान फाळकेंच्या नावाने दिला जातो. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार, त्यांचे बहुतांश काम मात्र आता कोणालाच पाहता येत नाही.