भूकंपानंतर घर किती उरेल?

मराठवाड्यातल्या सोनपेठच्या पेठेत दोन काळांची बांधकामं एकमेकांना चिकटून उभी आहेत. आतल्या गल्ल्यांत दगडमातीची जुनी घरं, त्यांवर माळवद. रस्त्याच्या तोंडाला खाली शटरची दुकानं, वर एक-दोन मजले आणि गच्चीवर पुढच्या मजल्याच्या आशेनं उघड्या ठेवलेल्या, गंजत चाललेल्या सळया. भूकंपाचा विषय निघाला की दोन्हीकडचा घरमालक एकच विचारतो : पडेल की राहील?

जगभरातल्या संशोधकांना हा प्रश्न अपुरा वाटू लागला, त्याला आता तीस वर्षं होतील. भिंती कितपत तडकतील, दुरुस्तीला किती पैसे लागतील, घराबाहेर किती दिवस काढावे लागतील, किती जीव धोक्यात येतील, हे बांधण्याआधीच मोजून सांगा, असा या शाखेचा आग्रह आहे. कामगिरीवर आधारित भूकंप अभियांत्रिकी असं तिचं लांबलचक नाव.

एक गोष्ट घरमालकाला सहसा कुणी सांगत नाही. नियमाप्रमाणे बांधलेली इमारतसुद्धा भूकंपात मोडावी, अशाच हिशेबानं बांधलेली असते. आय.एस. १८९३ या भारतीय मानकात, लवचिक सळईकाम केलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यासाठी भूकंपाचा जोर पाचानं भागून धरतात. उरलेला जोर सळईनं ताणून, वाकून पचवायचा. माणूस जिवंत बाहेर पडला की मानकाचं काम झालं. त्या घरात पुन्हा राहता येईल, असा शब्द त्यानं दिलेलाच नाही.

या विद्येच्या पायाभरणीत महाराष्ट्राचा एक दगड आहे, तो कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तेव्हा १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाचं डिझाइन वजनाच्या जेमतेम पाच टक्के आडवा जोर धरून केलेलं होतं. धरणातच बसवलेल्या यंत्रानं जी नोंद केली, ती त्याच्या कितीतरी पट निघाली. धरण उभं राहिलं, पण मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो, त्या उंचीवर आडव्या भेगा गेल्या. पुढे काँक्रीटचा आधार देऊन ते भक्कम करण्यात आलं. धरण टिकलं म्हणावं, की गणित चुकलं म्हणावं? अमेरिकेत बर्कलीत काम करणाऱ्या अनिल चोप्रा या भारतीय संशोधकानं एका सहकाऱ्यासोबत ही नोंद घेऊन धरणातले ताण मोजले आणि भेगा तिथंच का पडल्या, ते दाखवलं. आजही कुठं काँक्रीटच्या धरणाची नवी गणनपद्धत निघाली, की ती आधी कोयनेवर तपासून पाहतात. याच चोप्रांनी २००२ मध्ये राकेश गोयल यांच्यासह इमारतीला कागदावर ढकलत ढकलत मोडेपर्यंत नेण्याची एक सुधारित रीत मांडली. कामगिरी मोजणाऱ्यांच्या हत्यारांत ती आता रुळली आहे.

शाखेला नाव आणि पैसा मिळाला तो अमेरिकेत, आणि कारण तसं व्यापारी होतं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात माणसं साठच्या आसपास दगावली, नुकसान मात्र अब्जावधी डॉलरचं झालं. पुढच्याच वर्षी जपानमधलं कोबे. १९९५ ला कॅलिफोर्नियाच्या अभियंत्यांनी ‘व्हिजन २०००’ मध्ये इमारतीच्या अवस्थांची उतरंड मांडली : कामकाज पूर्ण चालू, कामकाज चालू, जीव वाचवणारी, कोसळण्याच्या बेतात. बर्कलीच्या संशोधन केंद्रानं त्याला संभाव्यतेचं गणित जोडलं आणि २०१२ मध्ये ‘फेमा पी-५८’ ही पद्धत आली. त्यातून इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च आणि बंद राहण्याचे दिवस अंदाजानं काढता येतात. जपाननं २००५ पासून मिकी इथं आख्ख्या इमारती हलवून पाहणारा प्रचंड कंप-मंच चालवला आहे.

आपल्याकडे हे गणित पोचायच्या आधी किल्लारी झालं. सोनपेठपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती. ६.२ तीव्रतेचा धक्का. जवळपास आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित म्हणजे झोन १ मध्ये होता. २००२ च्या नकाशात झोन १ उरलाच नाही.

माणसं मारली ती भिंतींनी. दोन अंगांनी ओबडधोबड दगड, मध्ये भराव, मातीचा गिलावा. आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच भिंत मधोमध फाकली. माळवदावर गळती थांबवायला वर्षानुवर्षं मातीचे थर चढलेले, त्यामुळे डोक्यावरचं ओझं वाढत गेलेलं. मात्र अनेक घरांत भिंती ढासळल्यावरही खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा माळवद तोलून उभाच होता. कामगिरीची भाषा लावायची, तर सांगाडा पास आणि भिंत नापास. म्हणजे तेच घर थोड्या पैशांत वाचण्याजोगं होतं. रूडकीच्या आनंद स्वरूप आर्य यांनी तोच मार्ग सुचवला : भिंतीत छिद्र पाडून सळई घातलेला काँक्रीटचा आरपार दुवा बसवा, लिंटेलच्या उंचीवर पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा. पुनर्वसनात जुन्या घरांच्या मजबुतीसाठीही पैसे होते. बहुतेकांनी मात्र त्या पैशांत नवी खोली बांधणं पसंत केलं. दगडाच्या भिंतीवरचा लोकांचा विश्वासच उडाला होता, आणि त्यांना दोष कोणत्या तोंडानं द्यायचा?

माझी तक्रार संशोधनाच्या दिशेबद्दल आहे. ‘पी-५८’ चे नुकसानीचे आलेख अमेरिकेतल्या इमारतींचे आहेत : पोलादी सांगाडे, जिप्समच्या भिंती, लिफ्ट. सोनपेठच्या मातीतल्या दगडी भिंतीला किती हादऱ्यात पहिली भेग जाईल आणि किती हादऱ्यात ती फाकेल, याचे आलेख आपले आपल्यालाच काढावे लागतील. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था किंवा मुंबईची आयआयटी अशी दारं जवळ असताना मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम परक्यावर का सोडावं?

शटरच्या दुकानांचा प्रश्न वेगळा आहे. वर भिंती भरलेल्या, खाली समोरची बाजू सताड उघडी. म्हणजे सगळा लचका खालच्या कॉलमवर. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत अशाच, तळमजला मोकळा असलेल्या इमारती बसल्या. इथं कामगिरी ठरते ती कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगच्या टोकाशी. मानक सांगतं, हूक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवा. घाईच्या साइटवर तो काटकोनात वळवून सोडून देतात, कारण तसं वळवायला सोपं. मोठ्या हादऱ्यात वरचं काँक्रीट निखळलं की असा हूक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. यावर संगणक नको, सळई बांधणाऱ्याच्या शेजारी तासभर उभं राहणारा माणूस हवा.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडे ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे धक्के झाले, ते परभणी-नांदेडलाही जाणवले. १० जुलैला पुन्हा ४.५. एवढ्यानं चांगली घरं पडत नाहीत, पण जमीन गप्प बसलेली नाही, हे कळायला तेवढं पुरे.

आता जगातली चर्चा पुढे सरकून ‘किती दिवसांत काम पुन्हा सुरू’ या मुद्द्यावर आली आहे. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०११ च्या भूकंपात न पडलेल्या कितीतरी इमारतीही नंतर पाडाव्या लागल्या, शहराचा मध्यभाग वर्षानुवर्षं ओसाड पडला. भुजला नवं रुग्णालय रबर-शिशाच्या आधारांवर बांधलं. तालुक्याच्या रुग्णालयाला ते परवडणारं नाही. मानक रुग्णालयासाठी दीडपट जोर धरायला सांगतं, तेवढं तरी नव्या बांधकामात पाळता येतं. जुन्या इमारतीत सुरुवात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून करावी, मग ऑक्सिजनच्या सिलिंडरांना भिंतीशी साखळी, औषधांच्या कपाटांना पाठीमागून खिळे, जनरेटरला नट-बोल्ट. हे सगळं साध्या दुरुस्तीच्या खर्चात बसतं, आणि कोणत्या रुग्णालयात यातलं काय झालेलं आहे, याची जिल्ह्याची यादी एका उन्हाळ्यात तयार होऊ शकते.