नेम चुकतो तेव्हा आधी काय तपासायचं?

आज बोलायचं आहे रायफलच्या साइटबद्दल. ज्या घरातली मुलं १० मीटर एअर रायफलचा सराव करतात, त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आई, माझी साइट बिघडली आहे." त्यावर आपण एक तर "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणून मोकळ्या होतो, नाहीतर नव्या साइटला किती पडतील याचा हिशेब मांडतो. दोन्हींची घाई नको. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. ते ओळखायचं कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हा खेळ आपल्याला परका नाही. अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला याच प्रकारात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये जगज्जेता झाला. या रायफलवर दुर्बीण नसते. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालतच नाही. असते ती पीप साइट. मागे डोळ्याजवळ बारीक भोक आणि पुढे नळीच्या टोकाशी एक गोल कडी. भोकातून पाहिलं की लक्ष्याचा काळा गोल कडीच्या बरोबर मधोमध दिसला पाहिजे, भोवतीची पांढरी कडा चहूबाजूंनी सारखी. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि एका रिंगणापासून दुसरं अडीच मिलिमीटरवर. म्हणून साइट केसभर हलली तरी गुण जातात.

आता तपासणी. पहिला नियम असा की साइटच्या बटणाला लगेच हात लावायचा नाही. सर किंवा मॅडम हुकूम देतील तेव्हा, रायफलचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून, पाच पेलेट त्याच पद्धतीने मारायच्या. मध्ये काहीही बदलायचं नाही. मग त्या पाच खुणा कशा पडल्या ते पाहायचं. याला रेंजवर ग्रुप म्हणतात.

पाचही खुणा एकमेकींना चिकटून, पण सगळ्या एका बाजूला पडल्या असतील, तर मुलीचा हात स्थिर आहे आणि दोष बहुधा साइटचा आहे. वाणी वजन करण्याआधी तराजूचा पासंग काढतो ना, तसा इथे साइटचा पासंग काढायचा. पण खुणा जर चाळणीसारख्या चहूकडे विखुरल्या असतील, तर बटण फिरवून काही उपयोग नाही. विखुरलेला ग्रुप सरकवला तरी विखुरलेलाच राहतो. तिथे कारण दुसरं शोधायचं.

ते कुठे शोधायचं? आधी स्क्रू. मागची साइट पट्टीवर घट्ट बसली आहे का, पुढच्या साइटची कडी डुगडुगते का, लाकडी किंवा धातूच्या दस्त्याचे स्क्रू सैल आहेत का. आपली मुलं विरार लोकलच्या गर्दीतून पेटी नेतात. दाराच्या खांबावर पेटी आपटली, कुणाची बॅग वर पडली, की साइटला धक्का बसतो. त्यामुळे प्रवासानंतर ही तपासणी रोजची समजा. मग सिलिंडरमधला हवेचा दाब. तो फार उतरला तर पेलेटचा वेग बदलतो आणि मार खाली जाऊ लागतो. मग पेलेट. डबी पडून त्यांच्या कडा चेपल्या असतील, तर त्या सरळ जाणार नाहीत.

हे सगळं ठीक असेल तर मुलीच्या उभं राहण्याकडे वळायचं. गाल दर वेळी त्याच जागी टेकतो का? रायफल एका अंगाला कलते का? कलली तर मार कललेल्या बाजूला आणि थोडा खाली जातो. डोळे मिटून, अंग सैल सोडून, पुन्हा उघडल्यावर नळी लक्ष्यावरच असते का? नसेल, तर ती दर शॉटला स्नायूंच्या जोरावर रायफल ओढून आणते आहे. मग पावलं सरकवायची, साइट नाही.

साइटच हलवायची ठरली, तर हिशेबाने हलवा. मागची साइट ज्या दिशेला जाते, त्याच दिशेला मार जातो. पुढच्या साइटचं उलटं असतं. पण बटणावरच्या बाणाने फसू नका. काही कंपन्यांच्या साइटवर बाण म्हणजे मार तिकडे जाईल. काहींवर त्याचा अर्थ, मार तिकडे पडत असेल तर असं फिरवा. पुस्तिका वाचा, आणि खात्रीसाठी दहा क्लिक एका दिशेला फिरवून ग्रुप किती आणि कुठे सरकला ते मोजा. समजा दहा क्लिकला तो अडीच मिलिमीटर सरकला, तर एक क्लिक पाव मिलिमीटरची. आता ग्रुप मध्यापासून पाच मिलिमीटर डावीकडे असेल, तर वीस क्लिक उजवीकडे. एका वेळी एकच बटण फिरवा, मग पुन्हा पाच पेलेट मारून पाहा. जुन्या साइटच्या स्क्रूत ढिलाई असते, म्हणून दोन क्लिक पुढे जाऊन परत मागे यावं. बटण शेवटाला जाऊन अडलं तर जोर करू नका, सरांना दाखवा.

काही मुलं सरावाला दुर्बीण लावलेली रायफल वापरतात. तिथे आणखी एक गोष्ट पाहायची. रायफल टेकवून स्थिर ठेवा आणि डोळा थोडा इकडे-तिकडे हलवा. दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर ती दुर्बीण १० मीटरसाठी जुळवलेली नाही. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दुहेरी असतो, त्याने दुर्बिणीचे कडे सैल होतात, तेही तपासा.

साइट खरंच हलल्याचं मोठं उदाहरण आहे. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राचा पहिलाच शॉट चारच्या घरात गेला होता. त्याच्या हाताचा मार चारवर जाणार नाही, म्हणजे साइट हलली आहे, हे त्याने ओळखलं. तिथल्या तिथे ती जुळवली आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आपला नेहमीचा ग्रुप कसा असतो हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच त्याला ते जमलं.

म्हणून मैत्रिणींनो, मुलीला एक वही घेऊन द्या. तारीख, हवेचा दाब, ग्रुपचं छोटं चित्र, किती क्लिक कुठे फिरवल्या, एवढं रोज लिहू द्या. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घरी आल्यावर पेटी उघडून रायफल कोरड्या फडक्याने पुसायचीही सवय लावा.

आणि पुढच्या वेळी "साइट बिघडली" असं ऐकलंत, तर तिला बहाणा म्हणू नका आणि बाजारातही धावू नका. शांतपणे विचारा, "पाच पेलेटचा ग्रुप कसा पडला?" पोर स्वतः उत्तर शोधायला लागेल. दोष कुणाचा हे तपासून ठरवायचं असतं, हे ती रेंजवर शिकली तर रेंजबाहेरही तिच्या कामी येईल.