फूड पँट्री : श्रीमंत देशातला शेजारधर्म

गरजू कुटुंबांना घरी शिजवून खाण्यासाठी मोफत शिधा देणारे वस्तीतले केंद्र म्हणजे फूड पँट्री. अमेरिकेत अशी केंद्रे चर्चच्या तळघरात, शाळेतल्या रिकाम्या खोलीत, नाहीतर बंद पडलेल्या दुकानाच्या गाळ्यात चालतात. काम करणारी बहुतेक माणसे त्याच वस्तीतली आणि बिनपगारी असतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, महाविद्यालयीन मुले असतात, आणि कधीकाळी तिथूनच शिधा नेलेली माणसेही असतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये तिथल्या १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. माणसांच्या हिशेबात ही संख्या ४ कोटी ७० लाखांच्या घरात जाते. ही भूक दुष्काळाची नाही, महिनाअखेरीची आहे. भाडे थकले तर घर जाते. गाडी दुरुस्त केली नाही तर कामावर पोहोचता येत नाही आणि नोकरी जाते. लगेच कात्री लावता येते ती जेवणालाच. त्यामुळे आईबाप स्वतः कमी खातात आणि मुलांच्या ताटात वाढतात. दुसरीकडे, त्याच देशात एकूण अन्नपुरवठ्यापैकी ३० ते ४० टक्के अन्न वाया जाते, असा कृषी खात्याचा अंदाज आहे. वाया जाणारे हे अन्न उपाशी घरापर्यंत पोहोचवण्याची धडपड पँट्रीच्या मुळाशी आहे.

फिनिक्समधली सुरुवात

या धडपडीला व्यवस्थेचे रूप आले ते ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात. जॉन व्हॅन हेंगेल हे निवृत्त व्यावसायिक १९६०च्या दशकात तिथल्या एका अन्नछत्रात सेवा देत होते. झाडांवर तशीच राहून जाणारी संत्री-लिंबे उतरवून आणण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे त्यांची गाठ एका आईशी पडली. पदरात दहा मुले, नवरा तुरुंगात. किराणा दुकानामागच्या कचऱ्याच्या पेट्यांतून चांगले अन्न निवडून ती घर चालवत होती. टाकले जाणारे अन्न जमा ठेवता येईल आणि लागेल तसे काढता येईल, अशी जागा असायला हवी, असे तिने सुचवले. या कल्पनेसाठी सेंट मेरीज चर्चने ३,००० डॉलर आणि एक वापरात नसलेली इमारत दिली. १९६७ मध्ये तिथे सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली आणि पहिल्याच वर्षी तिने शंभर टनांहून अधिक अन्न वाटले.

हा नमुना पुढच्या दशकात शहराशहरांत पोहोचला. त्यातून ‘सेकंड हार्वेस्ट’ हे राष्ट्रीय जाळे तयार झाले. २००८ मध्ये त्याचे नाव ‘फीडिंग अमेरिका’ झाले. आज या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आहेत आणि त्यांच्यामार्फत सुमारे ६०,००० पँट्री व भोजनकेंद्रांना माल मिळतो.

माल येतो कुठून?

फूड बँक आणि पँट्री यांचे नाते घाऊक व्यापारी आणि कोपऱ्यावरचा वाणी यांच्यासारखे आहे. फूड बँकेकडे मोठी गोदामे, शीतगृहे आणि मालमोटारी असतात. कारखाने, सुपरमार्केट आणि शेतकरी यांच्याकडचा शिल्लक माल ती गोळा करते. त्यात सरकारचा वाटाही असतो. १९८१ मध्ये सरकारी गोदामांत चीजचे ढीग साचले होते, तेव्हा ते गरिबांना वाटायचे ठरले. त्यातून तात्पुरती म्हणून सुरू झालेली अन्नसाहाय्य योजना पुढे कायमची झाली. वस्तीतले लोक आणून देतात त्या डब्यांची आणि पाकिटांची भर यात पडते.

कोणी आजारी पडले तर खटला होईल, या धास्तीने दुकानदार पूर्वी अन्न देण्याऐवजी फेकून देत. १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने ही धास्ती बरीच कमी केली. सद्भावनेने अन्न देणाऱ्यावर आणि ते वाटणाऱ्या संस्थेवर, घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेली चूक नसेल, तर कारवाई होत नाही.

एक कामाचा दिवस

वाटप आठवड्यातून एक-दोन दिवस आणि काही तासच असते. खरी मेहनत त्याआधीची. खोकी उतरवून प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली जाते. डबा मधोमध थोडा चेपलेला असेल तर चालतो. सांध्यावर किंवा कडेवर खोल चेपलेला, गंजलेला किंवा फुगलेला असेल तर बाद होतो. फुगलेल्या डब्यात प्राणघातक विष तयार झालेले असू शकते. पाकिटावरची ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ ही सूचना बहुतेकदा चवीविषयी असते, म्हणून कोरडा माल त्या तारखेनंतरही काही काळ वापरता येतो. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीला मात्र ही सवलत नाही. तारीख उलटलेला डबा सरळ बाजूला काढला जातो.

काय द्यायचे, यातही विचार लागतो. घर नसलेल्या माणसाला ओपनरशिवाय उघडणारे डबे हवेत. मधुमेह्याला साखरेच्या पाकातली फळे उपयोगाची नाहीत. लंगोट, साबण, सॅनिटरी पॅड यांना नेहमी मागणी असते, कारण ‘स्नॅप’ या सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर या वस्तू घेता येत नाहीत.

पूर्वी सगळ्यांना एकसारखी भरलेली पिशवी मिळे. आता अनेक पँट्रींत माल फळ्यांवर मांडतात आणि येणारा माणूस दुकानात फिरावे तसा फिरून हवे ते उचलतो. न खाल्ला जाणारा माल घरी पडून राहत नाही, हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा, की समोरच्याला याचक व्हावे लागत नाही. पँट्रीच्या दारात पहिल्यांदा पाऊल टाकणे फार जड जाते. म्हणून चांगल्या पँट्रीत चौकशी कमीत कमी असते आणि स्वागत मनापासून होते. शिधा देताना समोरच्याचा मान राखणे हे या कामाचे मर्म आहे.

मर्यादा

पँट्रीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहे : ती लोकांच्या स्वेच्छेवर चालते. सणासुदीला देणगी आणि हात दोन्ही भरपूर असतात, उन्हाळ्यात ओघ आटतो. शाळा बंद असल्याने मुलांचे शाळेतले जेवण थांबते, ते नेमके याच दिवसांत. संकटात ताण आणखी वाढतो : एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरात अन्नासाठी हजारो मोटारींची रांग लागली होती. ‘फीडिंग अमेरिका’चाच हिशेब असा, की तिच्या जाळ्यातून एक जेवण जाते तेव्हा ‘स्नॅप’मधून नऊ जेवणांची सोय होते. म्हणजे सरकारने हात आखडता घेतला तर ती खिंड स्वयंसेवकांना एकट्याने लढवता येणार नाही. मजुरी आणि घरभाडे यांचा मेळ बसवणे तर त्यांच्या हातातच नाही.

आपल्याकडे

भारतात चित्र थोडे उलटे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला रेशनवरच्या धान्याचा हक्क दिला. गहू-तांदूळ सरकारकडून येत असल्याने इथल्या स्वयंसेवी कामाचा बराच भर शिजवलेल्या अन्नावर राहिला. मुंबईच्या डबेवाल्यांनी लग्नसमारंभात उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवले. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ मध्ये घरोघरच्या पोळ्या-भाजी जमा करणारी रोटी बँक सुरू झाली. शिजवलेले अन्न काही तासांत खराब होते. म्हणून २०१९ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाचे संकलन आणि वाटप यांसाठी नियम केले. सुरक्षित तापमान, स्वच्छ हाताळणी आणि नोंदी यांचे बंधन त्यांत आहे.

रेशनकार्ड गावी राहिलेला मजूर, कागदपत्रे नसलेले कुटुंब, शहरात एकटा राहणारा वृद्ध ही माणसे मात्र सरकारी रेशन आणि शिजवलेल्या अन्नाचे वाटप यांच्या मधल्या फटीत सापडतात. धान्य, डाळ, तेल असा कोरडा शिधा सन्मानाने देणारी वस्तीपातळीवरची पँट्री त्यांना उपयोगी पडू शकते. त्यासाठी कोरडी, उंदीर-घुशींपासून सुरक्षित खोली, ठरलेला वार, चोख नोंदवही आणि तो वार न चुकवणारी माणसे लागतात. रेशनचा हक्क मिळवून द्यायला मदत करणे हाही तिच्या कामाचा भाग असला पाहिजे, कारण पिशवीभर शिधा आठवडा निभावून नेतो आणि हक्काचे धान्य वर्षभर पुरते.