गुरूचे बळ

दिघाशीला कामगारांची बैठक आटोपल्यावर एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "मुलीला गुरुबळ नाही म्हणून लग्न लांबले. गुरूला खरेच एवढे बळ असते काय?"

बळ आहे, आणि ते भयंकर आहे. पृथ्वीच्या ३१८ पट त्याचे वस्तुमान; पण ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. भिवंडीच्या खाडीला भरती येते ती मुख्यतः चंद्रामुळे. पृथ्वीच्या जवळच्या बाजूला ओढ अधिक, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकाने पाणी ताणले जाते. गुरूचा आयो हा उपग्रह जवळजवळ आपल्या चंद्राएवढाच, अंतरही थोडेच अधिक, सुमारे ४ लाख २२ हजार किलोमीटर. तेथे भरती येते ती खडकाला! युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारी त्याची कक्षा वर्तुळाकार होऊ देत नाहीत. तो गुरूच्या कधी जवळ, कधी दूर जातो, जमीन १०० मीटरपर्यंत खालीवर होते आणि त्या घुसळणीने आतला दगड वितळतो. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाने तेथील जागते ज्वालामुखी टिपले. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तर १९९२ मध्ये गुरूजवळून जाताना तुकडे झाले आणि जुलै १९९४ मध्ये ते गुरूवरच आदळले.

आणि पृथ्वीवर? येथे गुरूचा ताण चंद्राच्या ताणाच्या एक लाखांशाहूनही कमी. त्याने आमच्या खाडीचे पाणीसुद्धा दिसण्याइतके हलत नाही. आम्ही त्या गृहस्थांना म्हटले, पत्रिका राहू द्या, मुलीला विचारा.