लायब्ररी निवडताना फक्त स्टार पाहू नका!

मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकताना अनेक जण गिटहबवर जास्त स्टार असलेली ओपन सोर्स लायब्ररी निवडतात. पण ती लायब्ररी आजही सांभाळली जाते का, हे स्टारवरून कळत नाही.

अँड्रॉइडच्या ‘बटरनाइफ’चेच पाहा. स्क्रीनवरची बटणे, मजकूर कोडशी जोडणारी ही लायब्ररी एकेकाळी असंख्य ट्युटोरियलमध्ये असे. २०२० मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ सोबत ‘व्ह्यू बाइंडिंग’ आले. त्यानंतर निर्माते जेक व्हॉर्टन यांनीच ‘आता तिकडे वळा’ असे सांगून बटरनाइफचा विकास थांबवला. स्टार मात्र हजारोंनी कायम आहेत. जुने ट्युटोरियल पाहून आज ती शिकणाऱ्याची मेहनत नव्या कामात फारशी उपयोगी पडत नाही.

मग काय तपासाल?

• रीडमी : ‘डेप्रिकेटेड’ असे लिहिले असेल, तर दुसरा पर्याय शोधा.
• कमिट आणि रिलीज : शेवटचा बदल कधी झाला?
• इश्यू : लोकांच्या अडचणींना उत्तरे मिळतात का?
• लायसन्स : एमआयटी किंवा अपाची २.० असेल, तर अटी पाळून विक्रीच्या अ‍ॅपमध्येही वापरता येते. जीपीएल असेल, तर अ‍ॅप देताना तुमचा कोडही खुला करावा लागू शकतो.
• नमुना अ‍ॅप : आधी तेच चालवून पाहा. ते चालले, तरच पुढचा धडा उघडा.